जपानी बाईची कुमैत घोडी

"झाका! अहो, आधी ते झाका!"

गावच्या शाळेचे मुख्याध्यापक तंबूच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, आणि त्यांच्या पुढ्यात सतरंजीवर बसलेली पहिली ते चौथी अशी अख्खी शाळा तोंडाचा आ करून टीव्हीकडे बघत होती. टीव्हीवर बर्फ पडत होता. बर्फात एक बाई उभी होती आणि ती अंगावरचा लांब कोट उतरवायला लागली होती. कोटावर काम थांबेल अशी काही लक्षणं दिसत नव्हती. दादाने खांद्यावरचा टॉवेल ओढून फेकला. पहिली फेक मुख्याध्यापकांच्या टोपीवर गेली, दुसरी बरोबर टीव्हीवर बसली. पण आवाज चालूच होता. वारा घोंघावत होता आणि त्यात ती बाई हुंदके देत होती. सत्तर पोरं चिडीचूप. तेवढ्यात दादाने माइक तोंडाशी धरला आणि शांतपणे सांगितलं, "आते बाई भाकरी थापी ऱ्हायनी. पीठ उडी ऱ्हायनं, म्हनीसन टावेल टाकेल शे."

पोरांना पटलं. मुख्याध्यापकांनाही निम्मंअर्धं पटलं असावं, कारण ते खाली बसले.

दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. नव्वदीच्या दशकात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तो दरवर्षी व्हिडिओचा तंबू लावायचा. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, एक जनरेटर आणि दोन कर्णे. जनरेटर असा धडधडायचा की तापीपलीकडच्या गावात भांडी वाजायची. खोटं वाटत असेल तर पलीकडच्या गावात विचारा. मात्र तिथली माणसं माझ्याहून जास्त वाढवून सांगतात.

ती कॅसेट त्याने सुरतेहून आणली होती. एक दुकान बंद होत होतं आणि मालक कॅसेटी किलोवर विकत होता. दादाने पाच किलो घेतल्या. त्यात ही एक होती. वेष्टनावर कुणालाही न वाचता येणारी अक्षरं आणि गाडीला जुंपलेल्या घोडीचं चित्र. दादाने हिशोब केला तो असा : चित्रं काढलेली आहेत म्हणजे कार्टून, म्हणजे सिनेमा लहान मुलांचा. घोडी आहे म्हणजे घोड्यांच्या यात्रेत चालणार. त्याने पाटी रंगवली, 'बालगोपाळांसाठी खास जपानी घोडी', आणि पहिला खेळ शाळेला फुकट ठेवला. चित्रं काढून मोठ्या माणसांचंही दुःख सांगता येतं, ते रक्तबंबाळ असू शकतं, उघडंनागडं असू शकतं, हे त्या दिवशी आमच्या पंचक्रोशीला पहिल्यांदा कळलं. मुख्याध्यापकांना सगळ्यात आधी कळलं.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली, 'फक्त मोठ्यांसाठी', आणि तंबू फुटायची वेळ आली.

आता त्या सिनेमात गोष्ट काय होती? ती कुणालाच माहीत नव्हती. बोलणं सगळं जपानी. एक बाई, एक घोडागाडी, गाडीत पेट्या, मागे जळालेली गावं, पुढे बर्फ. बस. बाकी सगळं दादाने भरलं. टीव्हीशेजारी माइक घेऊन तो उभा राहायचा आणि अहिराणीत गोष्ट सांगायचा, आणि ती प्रत्येक खेळाला वेगळी असायची. समोर कोण बसलंय ते आधी बघून घ्यायचा. मारवाडचे, पंजाबचे घोड्यांचे व्यापारी असले तर बाई घोडी विकायला निघालेली असायची आणि वाटेत तिला सगळे फसवायचे. व्यापारी खदखदून हसायचे, कारण फसवणारे तेच. शेतकरी गडी असले तर पेट्यांमध्ये बियाणं असायचं. मोलगीकडची माणसं डोंगर उतरून आली, जी वर्षातले सहा महिने ऊसतोडीला परमुलखात असतात, की बाई मजुरी करून घरी चाललेली असायची, डोंगर दिसायला लागला की दादाचा आवाज जरा खाली यायचा, "तो दिखना डोंगर. तठे तिन्हं घर शे." आणि मागच्या रांगेतून एखादी बाई स्वतःशीच 'हं' म्हणायची. त्या एका 'हं'साठी मी सलग तीन दिवस तंबूत बसलो. कॉलेजात होतो, परीक्षा होती, तरी बसलो.

भाकरीचा प्रसंग मात्र सगळ्या गोष्टींत होता. टॉवेल पडायचा, भाकरी थापली जायची, तंबूत शिट्ट्या वाजायच्या. टॉवेलामागे काय आहे यावर यात्रेत जेवढी चर्चा झाली तेवढी त्या वर्षी घोड्यांच्या भावावरही झाली नाही. पाहिलं फक्त एकाने, कारण तो बाजूला उभा असायचा आणि टॉवेलाचं टोक त्याच्या हातात असायचं. आम्ही विचारलं की म्हणायचा, "भाकरच शे रे भाऊ. बाजरीनी."

पुढे केबल आली, मग डिश आली, मग प्रत्येकाच्या खिशात टीव्ही आला. कॅसेटला बुरशी चढली आणि ती गेली. दादाने तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला आणि मला वाटतं बोलणंही त्यातच गुंडाळलं गेलं. नाही, तो मुका झाला नाही. पपई लावतो, केळी लावतो, पाण्याची पाळी कधी आहे ते सांगतो, फोन केला तर "बोल" म्हणतो. पण पूर्वी जो माणूस चहा सांडला तरी अर्धा तास सांगायचा, तो आता दिवसाला वीस शब्दांत भागवतो. त्यातले पाच बैलाला जातात.

मी शहाद्याला मास्तर झालो. वर्गात गोष्ट सांगताना मी दादाचीच नक्कल करतो, हे मुलांना माहीत नाही. आणि गेली कित्येक वर्षं मी तो सिनेमा शोधत होतो. नाव माहीत नाही, वर्ष माहीत नाही. इंटरनेटवर जुन्या जपानी कार्टूनपटांचे वेडे भक्त एका ठिकाणी जमतात असं कळलं, तेव्हा मी तिथे जाऊन माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाईचं वर्णन लिहिलं. बर्फातली दुःखी बाई. उत्तरं आली, निदान चाळीस सिनेमे निघाले. जपानात बर्फातल्या दुःखी बायांना तोटा नाही. मग मी आमच्या पद्धतीने लिहिलं. घोडी कुमैत, म्हणजे तांबूस, शेपटीला काळी. तीन पाय पांढरे, पुढचा डावा काळा. कपाळावर टिकली नाही. मागच्या उजव्या पायाने किंचित लंगडते. किंमत करायची तर कुणी घेणार नाही, कारण असला एक पाय काळा आमच्याकडे खोटा, अपशकुनी धरतात.

तासाभरात फिनलंडच्या एका माणसाने नाव सांगितलं. म्हणाला, अशा रीतीने सिनेमा ओळखायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सारंगखेड्याला या, माणसंही अशीच ओळखतो.

त्याच्याकडूनच कळलं की हा सिनेमा कुठेच मिळत नाही. परदेशातली चार माणसांची एक छोटी कंपनी तो डिस्कवर काढायला तयार होती, मूळ रिळांवरून साफ करून, एकही प्रसंग न कापता. पण एका अटीवर. जगभरच्या चाहत्यांनी आधी पैसे भरायचे. ठरलेल्या मुदतीत ठरलेला आकडा गाठला तर डिस्क निघणार, नाहीतर सगळ्यांचे पैसे परत आणि सिनेमा पुन्हा अंधारात. पानावर एक हिरवी पट्टी होती, ती हळूहळू भरत जायची. मी पैसे भरले त्या दिवशी ती पट्टी माझ्या डोळ्यांदेखत हलली. घरात सांगितलं, बायको म्हणाली, "कार्टूनसाठी?" मी म्हटलं, "मोठ्यांचं आहे." हे बोलायला नको होतं.

त्या पानाखाली चाहत्यांची चावडी भरायची. फिनलंडचा तो, ब्राझीलची एक दातांची डॉक्टरीण, जहाजावर काम करणारा एक फिलिपिनो. सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांनी हा सिनेमा कुठेतरी भलत्याच ठिकाणी, भलत्याच वयात, भलत्याच भाषेत बघितलेला. डॉक्टरणीने मावशीच्या घरी, पलंगाखालून. जहाजवाल्याने अर्धाच. मी तंबूची हकीकत लिहिली. टॉवेल, भाकरी, मुख्याध्यापकांची टोपी. थोडी वाढवली असेन. सत्तर पोरांची सातशे झाली, एका पंजाबी व्यापाऱ्याने टीव्हीतल्या घोडीवर बोली लावली, असंही लिहिलं. ती खरंच लावली होती, पण लावणारा पंजाबी नव्हता, आमचाच एक मामा होता. लोक वेडे झाले. तुझा भाऊ आहे का, तो अजून सांगतो का, आम्हाला त्याचा आवाज ऐकव.

आणि मी, तोंडाला कधीच खीळ नसलेला मी, सगळ्या जगासमोर लिहून बसलो की डिस्क आली की दादाला सिनेमासमोर बसवीन, त्याची गोष्ट ध्वनिमुद्रित करीन आणि पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला पाठवीन. कंपनीच्या माणसानेही खाली लिहिलं, जरूर पाठवा. डॉक्टरणीने तर विचारलं की अहिराणी शिकायला पुस्तक कुठलं.

खरं सांगतो, ते त्यांच्यासाठी नव्हतं. मला तो आवाज हवा होता. 'तो दिखना डोंगर' हे तीन शब्द मला एकदा, एकदाच, पुन्हा त्याच्या तोंडून ऐकायचे होते. मी स्वतः म्हणून बघितले होते, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुणी नसताना. जमत नाही.

मध्ये एक भांडण उपटलं. रिळं इतकी विटली होती की घोडी मुळात तांबूस की राखी यावर चाहत्यांत दोन तट पडले. मी दादाला फोन केला.

"दादा, आपली जपानी घोडी आठवते?"

"हां."

"रंग काय होता?"

"कुमैत."

"नक्की? एकजण राखी म्हणतो."

"त्याले घोडं कयस का?"

आणि फोन ठेवला. पण मला केवढा आनंद झाला! त्याला घोडं कळतं का, असा एका दमात चार शब्दांचा टोमणा. म्हटलं, झरा आटलेला नाही, वर नुसता गाळ बसलाय. मी चावडीवर जाहीर केलं की आमच्या घोडेबाजाराचा निर्णय कुमैत. घोडी तांबूस ठेवली गेली. माझ्यामुळे, असं माझं म्हणणं आहे.

शेवटच्या आठवड्यात हिरवी पट्टी अडून बसली. मी माझ्याच शाळेतल्या दोन मास्तरांना, नवापूरच्या मेहुण्याला, अगदी टोपीवाल्या मुख्याध्यापकांच्या मुलालाही गळ घातली. मेहुणा म्हणाला, "दाजी, मला यातलं काही कळत नाही." मी म्हटलं, "तुम्ही भरा, कळायचं मी बघतो." बिचाऱ्याने भरले. पट्टी भरली. फिनलंडपासून नवापूरपर्यंत सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, आणि मग आम्ही वाट बघत बसलो. पपईची एक बाग लावून, तोडून, संपून जाईल इतके महिने.

पाकीट आलं तेव्हा कस्टमच्या शिक्क्यांखाली पत्ता शोधावा लागत होता. डिस्क बघायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, ते एका ओळखीच्याकडून जुनं मिळवलं. रविवारी दुपारी सगळं गाडीवर बांधून दादाच्या गावी गेलो. वहिनी ओसरीत मिरच्यांचे देठ खुडत होती.

"काय उचली लयना हो भाऊ?"

"सिनेमा."

"येवढं मोठं?"

"येवढा मोठा सिनेमा शे वहिनी."

दादा जेवून खाटेवर बसला होता. मी वेष्टन त्याच्या हातात दिलं. वेष्टनावर तीच गाडी, तीच घोडी. त्याने ते उलटं करून बघितलं, बोटाने घोडीचा पुढचा डावा पाय चाचपला, आणि परत दिलं. मी मोबाइल चालू केला आणि वर्तमानपत्राखाली सरकवला. माइक दिसला की हा बुजेल, म्हणून. दारं लोटली, सिनेमा लावला.

काय चित्र होतं! आम्ही तंबूत जे बघितलं ते या सिनेमाचं भूत होतं. बर्फ नुसता पांढरा नव्हता, त्यात निळा होता, जांभळा होता. घोडीच्या नाकपुड्यांतून वाफ निघताना दिसत होती. खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एकेक ओळ येत होती, आणि वीस मिनिटांत मला कळलं की पेट्यांमध्ये बियाणं नाही. लढाईत मेलेली माणसं आहेत. बाई एकेकाला त्याच्या घरी पोचवते आहे, आणि शेवटच्या पेटीत तिचा स्वतःचा नवरा आहे.

मी दादाकडे बघत होतो, पडद्याकडे कमी. पहिल्यांदा घोडी लंगडली तेव्हा तो खाकरला. मी वर्तमानपत्र त्याच्याकडे सरकवलं. तो तांब्या उचलून पाणी प्यायला.

मग तो प्रसंग आला. बाईने कोट उतरवला. मी तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते, आणि नेमकी तेव्हाच वहिनी चहा घेऊन आत आली. मी रिमोट शोधायला धडपडलो, तो मोबाइलखाली, मोबाइल वर्तमानपत्राखाली. पडद्यावर बाईने सगळे कपडे काढले, पेटी उघडली, आणि गोठलेल्या नवऱ्याशेजारी आत जाऊन निजली. कपडे दोघांवर पांघरले. त्याला ऊब येते का बघत होती. दुसरं काही नव्हतं. वारा होता आणि तिचं रडणं होतं.

वहिनी कप हातात धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "बिचारीले थंडी वाजी ऱ्हायनी व्हई."

दादाने कप घेतला. त्याच्या चेहऱ्यावर नवीन काही बघितल्याची खूण नव्हती. मला तेव्हा कळलं, हा माणूस यात्रेचे आठही दिवस, रोज सात खेळांत, टॉवेलाच्या आड एकटा हे बघत होता आणि बाहेर शिट्ट्या मारणाऱ्यांना भाकरी सांगत होता.

शेवटी डोंगर आला. मी वर्तमानपत्र हळूच बाजूला केलं. बाईने घोडी थांबवली, मान वर केली, दूर डोंगराच्या कुशीत एक दिवा. इथेच तो आवाज खाली आणायचा. इथेच ते 'हं'. माझे ओठ आपोआप हलले. दादा टीव्हीकडे बघत होता, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. खाली एक इंग्रजी ओळ आली आणि गेली. दिवा मोठा होत गेला. पांढरी अक्षरं वर सरकायला लागली; त्यात पैसे भरणाऱ्यांची नावं होती, शेकडो, बारीक टाइपात. माझंही होतं. मी ते त्याला दाखवायचं विसरलो.

मोबाइलमध्ये दोन तास भरले होते : पंखा, सिनेमातला वारा, मिरच्यांची एक शिंक, कपबशी, वहिनीचं एक वाक्य, आणि माझं नाक ओढणं. ब्राझीलच्या डॉक्टरणीला हे पाठवायचं!

"दादा," मी म्हटलं, "काहीच बोलला नाहीस रे. एक शब्द नाही. मी एवढं सगळं कशासाठी केलं? लोक वाट बघताहेत. निदान डोंगर तरी सांगायचा होता."

दादाने खाटेखालच्या चपला पायाने पुढे ओढल्या. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

"मी कसाले सांगू?" तो म्हणाला. "आते खाले लिखेल शे ना समदं."